सत्तावीस नंबरची कॅसेट

मी, केशव उद्धवराव गंधेवार, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी सरकारी महाविद्यालयात इतिहासाचा अध्यापक व आता निवृत्त, राहणार आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरातल्या टेबलावर, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मोतीबिंदू काढल्यापासून डोळेही चांगले आहेत. कान नाहीत, पण मृत्युपत्र करायला कान लागत नाहीत असे ॲड. रविकांत यांनी मला कागदावर लिहून सांगितले आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, काही पाजलेले नाही. जे लिहीन ते माझ्या मनाने लिहीन. त्या मनात काय काय साठले आहे तेही लिहीन, कारण त्याशिवाय पुढची कलमे वाचणाऱ्याला कळायची नाहीत.

वकीलसाहेब हे सगळे टाईप करून देणार होते. मी नको म्हटले. बॉलपेनने, दाबून, कागदाच्या एकाच बाजूला लिहीत आहे. त्याला कारण आहे.

यापूर्वी मी कागदावर मृत्युपत्र केलेले नाही. मनातल्या मनात पुष्कळ केली, आणि त्यांत बऱ्याच जणांना काहीच मिळत नव्हते. ती सर्व आजपासून रद्द समजावीत.

कलम १. माझे राहते घर, अंगण, मागची मोरी आणि पुढच्या दुकानाच्या गाळ्यासह, माझी एकुलती मुलगी मीनल, राहणार हैदराबाद, हिला देत आहे. तिने ते विकले तरी माझा आत्मा घुटमळणार नाही. एक अट आहे. गाळ्यात पंढरी शिलाईचे दुकान चालवतो. तो स्वतः होऊन सोडीपर्यंत त्याला कोणी उठवू नये. त्याचे मशीन माझ्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. मी त्या भिंतीला पाठ लावून बसलो की मशीनचा थरथराट मणक्यात येतो. लग्नसराईत तो जलद येतो, आषाढात मंदावतो. गेल्या दहा वर्षांत मला मिळालेले संगीत एवढेच आहे आणि पंढरीने त्याचे कधी भाडे लावले नाही.

कलम २. बँकेत जे आहे ते मीनलचे. आकडे बँकेच्या पुस्तकात आहेत, इथे लिहून कागद खराब करत नाही. त्यातून कलम आठमध्ये सांगितलेले पुस्तक छापण्याचा खर्च आधी वेगळा काढावा. मीनल या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील. ती म्हणेल, "बाबा, मला कशाला यात ओढता?" तिला ओढतो, कारण या घरात भांडण न करता ऐकून घेणारी ती एकटीच उरली आहे.

कलम ३. कानयंत्रे, नग दोन. मीनलने हौसेने आणली होती. ती घातली की पंढरीची कात्री, कुकरची शिटी आणि देवळातली घंटा एकाच डब्यात घालून हलवल्यासारखे होते. ज्या गरजूला त्यांतून शब्द ऐकू येतील त्याला द्यावीत. माझ्या अंत्ययात्रेत बँड लावू नये. 'त्यांना कुठे ऐकू येणार आहे' असे कोणी म्हणेल. ते तर मला जिवंतपणीही येत नव्हते.

कलम ४. माझी पुस्तके आणि टिपणवह्या, म्हणजे आमच्या घरात ज्याला 'अमेरिकेचं काम' म्हणत ते सगळे. हे कोणाला द्यायचे ते पुढे येईल. आधी ते काय आहे हे सांगतो, कारण शेजाऱ्यांची अजून अशी समजूत आहे की मी अमेरिकेला जाण्याच्या तयारीत होतो आणि कागदपत्रांत अडलो.

नवव्या वर्षी मला ताप आला आणि डावा कान गेला. उजवा हळूहळू, चाळीस वर्षे घेत गेला. शाळेत आम्ही तीन केशव होतो. एक उंच केशव, एक पाटलाचा केशव आणि मी बहिरा केशव. वडिलांचे किराणा दुकान होते, उद्धवराव गंधेवार असे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले. मी गल्ल्यावर बसू लागलो तशी गिऱ्हाइके 'बहिऱ्याच्या दुकानातून आण' म्हणू लागली. वडिलांचे नाव पाटीवर राहिले आणि तोंडातून गेले.

पुढे शिक्षणासाठी हैदराबादला असताना तिथल्या एका ग्रंथालयात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या जाहिराती हाती आल्या. काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या काढलेल्या रेकॉर्डी होत्या. त्यांत गायकांच्या नावांआधी 'ब्लाइंड' असा शब्द छापलेला. एकाच्या नाही, कितीतरी जणांच्या. बारशालाच ठेवल्यासारखा. मी ते पान बराच वेळ बघत बसलो होतो. त्या लोकांशी माझे काही नाते नव्हते, पण हा प्रकार मला ओळखीचा होता.

त्यातून माझे काम निघाले. गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून एका काळ्या माणसाच्या लंगड्या चालीची नक्कल केली आणि तिच्यावर नाटकगृहे भरली. गुलामगिरीत जन्मलेल्या एका अंध पियानोवादकाला गावोगाव फिरवले, मिळकत मालकाच्या घरी गेली. गुलामगिरी संपल्यावर त्याला वेडा ठरवून पालकत्वाच्या नावाखाली तेच पुढे चालले. मग रेकॉर्डवाले आले. काळे असणे आणि अधू असणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच पुड्यात बांधून दुःख म्हणून विकल्या. मी दुकानदाराचा मुलगा आहे, पुडा मला ओळखता येतो.

या कामावर मला १९९९ साली पीएच.डी. मिळाली. तोंडी परीक्षेला आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारले की आदिलाबादला बसून, तेही कान नसताना, अमेरिकेचे गाणे तुम्ही ऐकले कसे? खोलीतले सगळे हसले. मी ओठांवरून प्रश्न वाचला आणि उत्तर दिले, "कष्टाने." खरे उत्तर 'दौलतच्या कानांनी' असे होते. ते मी दिले नाही.

कलम ५. मनकर्णाची माहेरची पेटी. मनकर्णा म्हणजे माझी पत्नी, चार वर्षांपूर्वी वारली. ती भीमपूरकडची, कापूस-ज्वारीच्या घरातली, आणि पेटी वाजवणारी. ही पेटी मी दौलत भिवाजी डाखरे यांस देत आहे.

दौलत तिच्याच गावचा. चौथ्या वर्षी गोवर निघाला आणि त्याचे डोळे गेले. तो पेट्या दुरुस्त करतो. महाराष्ट्राच्या सरहद्दीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्या हातून गेल्या आहेत, पार नेरडीगोंड्यापर्यंत. पेटी उघडतो, आतली एकेक पितळी पट्टी पात्याने केसभर खरवडतो, वाजवून बघतो, पुन्हा खरवडतो. १९९१ साली ही पेटी दुरुस्त करायला तो आमच्या घरी आला. दारात उभा राहिला, तोंड मिटले आणि एक लांब सूर काढला. मला तो ऐकू आला नाही, गळ्याची शीर हललेली दिसली. मी मनकर्णाकडे बघितले. ती मला ओरडून म्हणाली, "खोली मोजून राह्यला तो. भिंत कुठं, छत किती उंच, सारं समजते त्याले."

दौलत म्हणाला, "ताई, या खोलीत पुस्तकं लय हाये. आवाज गिळून राह्यली. अन सर दाराच्या उजव्या हाताले उभे हाये."

मी उजव्या हाताला उभा होतो. त्याच क्षणी मला त्याचा हेवा वाटला आणि तो आजतागायत गेलेला नाही.

पेटी झाली, पण दौलत येत राहिला. मी हैदराबादहून कॅसेटी भरून आणल्या होत्या, त्या ऐकायला मला माणूस हवा होता. दर आठवड्याला तो बसने यायचा. इंग्रजीचा एक शब्द त्याला येत नव्हता. तो गाणे ऐकून सांगायचा की आवाज कुठून निघतो आहे, कुठली तार बोटाने दाबली आहे आणि कुठली सुरीसारख्या कशाने घासली आहे, गाणारा बसला आहे की उभा आहे. मनकर्णा ते वहीत लिहायची. मी वही वाचायचो. दौलतचे ओठ मला वाचता येतात, पण चारातला एक शब्द निसटतो, म्हणून वही लागायची. तिघांत मिळून एक माणूस ऐकत होता. त्यांत ज्याला ऐकू येत नव्हते, त्याचे नाव प्रबंधावर आले.

हेव्याबद्दल आता स्पष्ट लिहितो. तो तिला ताई म्हणायचा आणि ती ताईच होती. मनकर्णाबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. तसा अर्थ कोणी काढला तर त्याला या मृत्युपत्रातून काही मिळू नये. माझे दुखणे वेगळे होते. ती त्याच्याशी हळू बोलायची. माझ्याशी तिला त्रेचाळीस वर्षे ओरडून बोलावे लागले. जेवायला या, गॅस बंद करा, ताप उतरला का, सगळे ओरडून. ओरडून माणूस कामाचे बोलू शकतो. मायेचे बोलायचे तर आवाज खाली आणावा लागतो, आणि तिने आवाज खाली आणला की माझ्यापुरती ती गप्प व्हायची. ते दोघे हसले की मी विचारायचो, काय झाले? ती म्हणायची, "काही नाही वो, असंच." ते 'असंच' मला कधी कळले नाही.

कलम ६. प्रबंधाच्या बांधीव प्रती, नग तीन. एक मीनलकडे राहावी. दुसरी माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, तिथून ती कोणी हलवत नाही आणि वाचतही नाही. तिसरीचे काय करायचे ते सांगण्याआधी तिच्यातल्या दोन जागा सांगतो.

पहिली जागा, चौथे प्रकरण. एका अंध गिटारवादकाच्या रेकॉर्डीत शब्द सुरू होण्याआधी तोंड मिटून काढलेला लांब सूर आहे. मी इंग्रजी पुस्तकांत वाचले होते की तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेदनेचा हुंकार. मी त्यावर तीस पानांचे प्रकरण लिहिले आणि त्याला 'आक्रंदन' असे नाव दिले. ते दौलतला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "नाही सर. रडून नाही राह्यला तो. नव्या खोलीत आणून बसवलं त्याले. पहिले खोली मोजते, मंग गाते. रडणं असंल तं पुढं असंल, गाण्यात."

मी चिडलो. तुला इंग्रजी येत नाही, अमेरिका कुठे आहे ते ठाऊक नाही, असे बोललो. तो म्हणाला, "अमेरिका नाही माहीत मले. खोली माहीत हाये."

मी प्रकरण बदलले नाही. पुढे वाचनात आले की कंपन्यांची माणसे गावोगाव यंत्रे घेऊन फिरत आणि हॉटेलांच्या भाड्याच्या खोल्यांत गाणी भरून घेत. म्हणजे गाणारा खरोखरच अनोळखी खोलीत बसलेला असणार. तरीही बदलले नाही. दौलत बरोबर आहे हे मला त्याच दिवशी कळले होते, आणि म्हणूनच बदलले नाही. काळ्या अंध माणसाने तोंड मिटून सूर काढला की ते दुःखच असणार, हे रेकॉर्ड विकणाऱ्यांनी धरून चालले आणि मीही धरून चाललो. तो आपल्या कामाला लागलेला कारागीर होता.

दुसरी जागा, शेवटचे पान. तिथे मी आभार मानले आहेत. टंकलेखकाचे नाव आहे. ग्रंथपालाचे आहे. बांधणी करणाऱ्याचेही आहे. आणि मग इंग्रजीत एवढेच आहे: 'तसेच एका अंध साहाय्यकाचे.' ज्या कंपन्यांना मी चारशे पाने झोडपले, त्यांनी 'आंधळा' लिहून पुढे निदान नाव तरी छापले होते. मी तेही छापले नाही.

प्रत बांधून आली त्या दिवशी दौलत घरी होता. तो म्हणाला, "ताई, माह्याबद्दल काय लिवलं ते वाचा." मनकर्णाला इंग्रजी येत होते. तिने शेवटचे पान काढले. मी समोर बसून तिचे ओठ बघत होतो. ती वाचता वाचता थांबली. माझ्याकडे बघितले नाही. मग तिने मराठीत वाचले, 'श्री. दौलत भिवाजी डाखरे यांचे ऋण मोठे आहे.' असे कुठेही लिहिलेले नव्हते. दौलत म्हणाला, "बरं झालं." त्याला खरे कळले नाही असे मी बावीस वर्षे समजत होतो.

त्या रात्री मनकर्णाने मला ओरडून काही सांगितले नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

तिसरी प्रत दौलतला द्यावी. शेवटचे पान तिच्यातून फाडू नये, तसेच राहू द्यावे.

कलम ७. कॅसेटी, एकूण एकेचाळीस, आणि त्या वाजवायचे-भरायचे जुने टेपमशीन. मशीन व चाळीस कॅसेटी दौलतला देत आहे. सत्तावीस नंबरची वेगळी सांगावी लागते.

तिच्यावर अमेरिकेचे गाणे नाही. एकदा वही संपली म्हणून दौलतचे बोलणे थेट मशीनमध्ये भरून घेतले, ती ही कॅसेट. मनकर्णा प्रश्न विचारते आहे आणि तो सांगतो आहे. शेवटी तिने त्या अमेरिकन गायकाच्या चालीवर आमच्या गल्लीतल्या भाजीवालीशी झालेले भांडण गाऊन दाखवले आणि दोघे हसत सुटले. हे मी ऐकले नाही, बघितले; चाल कोणाची ते दौलतने नंतर सांगितले. मी दारात उभा होतो. ती पदर तोंडाला लावून हसत होती, दौलत मांडीवर थाप मारत होता आणि मशीनची चाके फिरत होती. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. तिने हात पुढे करून मशीन बंद केले आणि हसणेही बंद केले. माझ्याशी बेइमानी म्हणावे असे तिने आयुष्यात काही केले असेल तर ते एवढेच, की मला बघून ती हसायची थांबली. आणि तिने ते मला वाईट वाटू नये म्हणून केले होते, हे मला तेव्हाही कळत होते.

ती गेली त्याच्या तेराव्या दिवशी दौलत आला. जेवणे उरकली होती. तो माझ्याकडे तोंड करून, मला ओठ दिसतील असा सावकाश म्हणाला, "सर, ती सत्तावीस नंबरची एकडाव आयकू द्या. ताईचं हसणं हाये त्याच्यात."

मी म्हटले, हरवली. त्याने काठी चाचपून घेतली. उठताना म्हणाला, "ताई त्या दिवशी वाचता वाचता थांबल्या व्हत्या. मले तवाच समजलं व्हतं." आणि काठी टेकत गेला.

त्याच दुपारी मी दार लावून घेतले. सत्तावीस नंबरची कॅसेट मशीनवर चढवली आणि वाजवायचे बटण व लाल बटण दोन्ही एकदम दाबली. बाजू संपेपर्यंत अर्धा तास समोर बसून राहिलो. खोलीतली शांतता तिच्यात भरली की आतले पुसले जाईल, असा माझा हिशेब होता. तिचे जे हसणे मला कधी मिळाले नाही ते त्यालाही मिळू नये. याला मी दुसरे काही नाव देत नाही. तो हेवा होता.

ते पुसले गेले की नाही, मला माहीत नाही. मशीन जुने आहे, लाल बटण कधी लागते, कधी नुसते बसते. ऐकून बघायला मला कान नाहीत आणि दुसऱ्याला ऐकायला द्यायची लाज वाटली. मीनललाही सांगितले नाही. चार वर्षे ती कॅसेट कपाटात आहे. माझी बायको तिच्यात आहे की नाही, हे न कळता मी तिला पुसतो, फडक्यात गुंडाळतो आणि परत ठेवतो.

सबब, सत्तावीस नंबरची कॅसेट, तिच्यात जे काही असेल वा नसेल त्यासह, मी दौलत भिवाजी डाखरे यांस देत आहे. मीनलने मन वाईट करून घेऊ नये. तिला आईचा आवाज फोनमध्ये आहे.

कलम ८. माझ्या कामाचे मराठी हस्तलिखित, नाव 'नावाआधीचा शब्द', टेबलाच्या खणात आहे. ते छापावे. त्यातले चौथे प्रकरण काढून टाकावे. त्या जागी खोली कशी मोजतात ते दौलतने सांगावे आणि तो बोलेल तसेच्या तसे, शुद्ध न करता, उतरवून छापावे. पुस्तकावर दोन लेखकांची नावे यावीत. पहिले नाव:

दौलत भिवाजी डाखरे

दुसरे माझे. त्याच्या नावाआधी अंध, दृष्टिहीन, दिव्यांग, सूरदास यांपैकी कोणताही शब्द नसावा. प्रकाशकाला एखादा शब्द घातल्याशिवाय चैनच पडत नसेल तर त्याने माझ्या नावाआधी बहिरा असे छापावे. मला सवय आहे.

इतर किरकोळ: कलम चारमधली पुस्तके आणि टिपणवह्या माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. सायकल पंढरीला. मनकर्णाची वह्यांची पेटी मीनलने उघडावी आणि अक्षर बघावे. माझ्या मेहुण्याला काही नाही, का ते त्याला ठाऊक आहे.

पुरवणी. (आजच, सही करण्याआधी लिहिलेली.)

सहीसाठी दोन साक्षीदार बोलावले होते. एक पंढरी, दुसरी अश्विनी, माझी जुनी विद्यार्थिनी, जी आता माझ्याच महाविद्यालयात इतिहास शिकवते. पंढरीला मी मोटारसायकलवर भीमपूरला पाठवून दौलतलाही आणवले. माझ्या मरणानंतर त्याला हे कळावे असे आधी ठरवले होते. पण तो माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे, आणि उशीर करण्यात माझा हातखंडा आहे.

दौलत दारात थांबला, तोंड मिटून सूर काढला आणि म्हणाला, "पुस्तकं कमी केली तुमी." मनकर्णा गेल्यावर मी दोन कपाटे रिकामी केली होती.

रविकांत यांनी सगळे मोठ्याने वाचले. मी त्यांच्या ओठांवर कुठवर आले ते बघत होतो. दौलत खाली मान घालून ऐकत होता. आठव्या कलमात त्याचे नाव आले तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबवले.

"वकीलसाहेब, लिवलं हाये का नुसतं वाचून राह्यले?"

मी उठलो, ते पान घेतले, उलटे करून टेबलावर ठेवले आणि त्याचे बोट धरून त्या ओळीच्या मागे टेकवले. दाबून लिहिलेले मागून हाताला लागते. ती ओळ मी एकटीच, वर-खाली जागा सोडून लिहिली आहे. त्याने बोट इकडून तिकडे नेले, परत आणले.

"तीन शब्द हाये," तो म्हणाला. "दाबून लिवले, सर."

मग त्याने कॅसेट मागितली. अश्विनीने मशीन लावले. तो अर्धा तास हलला नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, हसू येते का ते. आले नाही. अश्विनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. पंढरी जमिनीकडे बघत होता. वकीलसाहेबांनी चष्मा पुसायला काढला. खोलीत काय चालले आहे ते मला एकट्याला कळत नव्हते.

बाजू संपली. दौलतने माझ्याकडे तोंड केले आणि सावकाश बोलला.

"ताई नाही राह्यल्या इच्यात. तुमी हाये."

मी म्हटले, मी तर गप्प बसलो होतो.

"नाही सर. अर्धा घंटा रडून राह्यले तुमी. मोठ्यानं. ताईचं नाव घेऊन घेऊन. तुमाले आयकू नाही आलं."

मी म्हटले, खोली मोजत असेन.

"नाही," तो म्हणाला. "चौथ्या धड्यात तुमी जे लिवलं व्हतं ना, ते हे हाये."

मी त्याची माफी मागितली. मनकर्णाचे हसणे मी कायमचे पुसले, आता ही कॅसेट त्याच्या काही कामाची नाही, मशीन आणि पेटी तेवढी त्याने घ्यावी, असे सांगितले. त्याने कॅसेट चाचपून काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"हसणं मले पाठ हाये ताईचं," तो म्हणाला. "हे नव्हतं आयकलं."

म्हणजे माझे रडणे, जे माझे मला ऐकू आले नाही, तेही त्याने ऐकले. मला या घटकेलाही त्याचा हेवा वाटतो आहे. सातवे कलम बदलत नाही. बाकी सर्व कलमे कायम.

स्थळ: आदिलाबाद
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) केशव उद्धवराव गंधेवार

साक्षीदार: केशवरावांनी हे मृत्युपत्र वाचून घेऊन आमच्यादेखत सही केली. ती होताना आम्ही स्वतः पाहिली, आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या करीत आहोत.

१. (सही) पंढरी, शिलाई दुकान, आदिलाबाद
२. (सही) अश्विनी, अध्यापिका, आदिलाबाद

टीप, ॲड. रविकांत यांच्या हस्ते: श्री. केशवरावांचा आग्रह होता की दौलत भिवाजी डाखरे यांनीही साक्षीदार म्हणून सही करावी. साक्षीदाराने सही होताना डोळ्यांनी पाहावी लागते, म्हणून मी ते मान्य केले नाही. त्यांनी जे सांगितले ते केवळ केशवरावांच्या समाधानासाठी इथे उतरवून ठेवतो. कायद्याने त्याला साक्ष म्हणता येत नाही.

"सही करतानी सर मधात एकडाव थांबले. मंग केली. मी आयकली."